मावशीच्या थायरॉइडने पळवलेला कोबी

मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये चार वर्षं कोबी शिजला नव्हता, आणि त्याचं सगळं श्रेय मावशीच्या थायरॉइडला होतं. मावशी म्हणजे मेसची स्वयंपाकीण. कोबीच्या वासानेच तिचं डोकं उठायचं. कोणीतरी म्हणालं, थायरॉइडला कोबी वाईट, झालं! आयतं निमित्त मिळालं. आधी कोबी गेला, मग फ्लॉवर, मग सोयाबीन, आणि परवा तर बिचारं कारलंही गेलं. कोणी विचारलं की कढईवर झारा आपटून मावशी म्हणायची, "डॉक्टरांनी सांगितलंय!"

डॉक्टरांनी कप्पाळ सांगितलं होतं. पण कोबी-कारल्यातून सुटलेल्या मुलींचा मावशीवर नुसता जीव!

अलीकडे मात्र मावशी उभ्या उभ्या पेंगायला लागली. एकाच आमटीत तीनदा मीठ पडलं. थायरॉइडची गोळी दोनदा वाढवली, तरी रिपोर्ट जागचा हलेना. शेवटी रेक्टर मॅडम म्हणाल्या, "मावशी, असंच चाललं तर मला दुसरी बाई बघावी लागेल हं. आणि उद्या दवाखान्यात मी येतेय बरोबर."

बरोबर? "कशाला उगाच त्रास घेता, मॅडम?" मावशी घाईघाईने म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "पथ्य काय करता?"

"कोबी, फ्लॉवर, सोयाबीन, कारलं. शिवतसुद्धा नाही."

"कारल्याने काय घोडं मारलंय तुमचं? आणि शिजवलेला कोबी खा की बिनधास्त!"

रेक्टर मॅडमची मान हळूच वळली. मावशी पंख्याकडे बघत बसली.

"बरं, गोळी कशी घेता?"

"उठल्या उठल्या. एक दिवस चुकवत नाही. चहाबरोबर."

"चहाबरोबर?"

"कडक."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, चहा ती गोळी अंगी लागूच देत नाही! उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा तासाभराने."

"तास?" मावशीचे डोळे खरंच भरून आले. "मॅडम, त्यापेक्षा दुसरी बाईच बघा."

पण स्वतःची कढई दुसरीच्या हातात देईल ती मावशी कसली! आता ती पाचला उठते, पाण्याबरोबर गोळी गिळते आणि चहाच्या पातेल्याकडे पाठ करून बसते. तासभर हाताला काहीतरी चाळा हवा, म्हणून रेक्टर मॅडमनी मागवलेला कोबी शिव्या घालत घालत चिरते.

दोन महिन्यांत रिपोर्ट सुधारला. पेंगणंही गेलं.

"मावशी, परत कोबी?" मुली ताटं घेऊन ओरडल्या.

मावशीने झारा आपटला. "डॉक्टरांनी सांगितलंय!"

मग रेक्टर मॅडमच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "मॅडम, वांग्याने गुडघे दुखतात म्हणे. खरं का हो?"