हत्तींना बसा म्हणालो

त्या दिवशी फरीदाबादेत धुकं इतकं दाट होतं की आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही दिसत नव्हती. दुपारी ऊन आलं, तेही ताकासारखं पातळ. असल्या उन्हात माणूस धड जागा नसतो, धड झोपलेला नसतो. माझ्या हातून जो घोटाळा झाला, त्यातला थोडा दोष या उन्हाला द्या. उरलेला माझा.

माझी नात सायली गच्चीवर चटई टाकून मित्रांबरोबर तो तिचा खेळ खेळत होती. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. फासे टाकायचे आणि गोष्ट सांगायची. कबीर नावाचा मुलगा गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीत राहतात. सायली त्यात वीरा नावाची तलवारबाज. दहावीपासून जपलेली. वीरा मेली तर मेली, पुन्हा यायची नाही, असा नियम.

त्यांचा एक गडी आला नव्हता. सायली म्हणाली, "आजोबा, तुम्ही जादूगार व्हा ना. नुसतं बसायचंय."

बसायला काय, मी बसलोच होतो. शेजारी आमचे भाटियाजी खुर्ची टाकून शेंगा सोलत होते.

गोष्टीत नदी आली. पलीकडच्या गावात साथ, वीराच्या पाठीवर औषधांची पेटी, आणि पूल वाहून गेलेला. माझ्याकडे एक अंगठी. जो घालील त्यानं एकदाच एक जनावर बोलवावं, ते त्याचं ऐकेल. मी हत्ती बोलावला. पण नदी ही एवढी रुंद, आणि धार अशी की एकटा हत्ती पार जाऊच शकणार नाही. एक हत्ती कुठे पुरणार?

मी विचारलं, "कबीर बेटा, ये अंगूठी हाथी की सूंड में पहना दें तो?"

कबीर हसला. मग पुस्तक चाळायला लागला. मग हसायचा थांबला. "मना तो नहीं लिखा, दादाजी."

"तो हाथी दूसरे हाथी को बुलाएगा. दूसरा तीसरे को."

"और तीसरा आपकी क्यों सुनेगा?"

आता त्याला कसं समजवावं? मी अकोल्याहून इथं कारखान्यात हमाल म्हणून आलो. मी मेहुण्याला बोलावलं, मेहुण्यानं साडूला, साडूनं भाच्याला. सगळे एकाच खोलीत. तो भाचा कुणाचं ऐकायचा? माझंच. खोली माझी होती ना.

हे सांगितलं तर कबीरनं हात जोडले. "ठीक है, सब आपकी सुनेंगे. लेकिन एक बारी में एक ही हुक्म."

या काठापासून त्या काठापर्यंत हत्तींची रांग लागली. "आजोबा, तुम्ही तर कमाल आहात यार," सायली म्हणाली. वीरा पहिल्या पाठीवर चढली, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या.

मी डोळे मिटले. खोटं नाही सांगत, मला दिसले ते. धुक्यात उभे, पोटापर्यंत पाणी, कान हळूहळू हलताहेत. कुठून कुठून आलेले, एका शब्दावर. आणि आल्यापासून बिचारे उभेच. घरी कुणी आलं तर आपण आधी काय विचारतो? पाणी तर त्यांना होतंच.

"बसा रे बाबांनो," मी म्हणालो. "दमला असाल."

सायलीनं कपाळाला हात लावला.

"दादाजी ने क्या कहा?" कबीरनं विचारलं.

इतक्या वर्षांच्या शेजारानं भाटियाजींना आमची मराठी कळायला लागली आहे. ते शेंग फोडत म्हणाले, "बैठने को बोला है."

"हाथी बैठ गए," कबीर म्हणाला. अगदी हळू.

"उठा," मी म्हणालो. "अरे उठा की."

"अगली बारी में, दादाजी."

वीराला पोहता येतं का, यासाठी सायलीनं फासा टाकला. एक आला. वीरा गेली, पेटी गेली. सायलीनं चटई गुंडाळली आणि ती खाली गेली.

संध्याकाळी तिनं चहा आणला. कप जरा जोरातच ठेवला.

"पुढच्या रविवारी नवी पेटी तुम्ही न्यायची," ती म्हणाली. "पाठीवर."

"आणि हत्ती?"

"हत्ती मी बोलावणार."

तेवढ्यात भाटियाजी आले, शेंगांची रिकामी परात परत द्यायला. सवय ती सवय. मी म्हणालो, "आइए भाटियाजी, बैठिए."

ते दारातच थांबले. मान वळवून त्यांनी मागे पाहिलं.

"रुकिए बाबूजी," ते म्हणाले, "पहले देख लूँ, मेरी पीठ पर कोई खड़ा तो नहीं."