पायाखाली कधीच न आलेला झेंडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला काय सांगणार होतो?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळुरात, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी सुपरवायझर होतो. रुद्रप्पा माझ्या हाताखाली लेथवर. हुशार माणूस. एकदा त्याने सगळ्यांसमोर माझ्या ड्रॉइंगमधलं चुकलेलं माप दाखवलं. अगदी नम्रपणे, मला ‘अण्णा’ म्हणत. ती नम्रताच जास्त झोंबली.

त्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर तो बोलायला उभा राहिला. म्हणाला, मालक, प्रेस मशीनमध्ये आपल्या शिवण्णाची बोटं गेली आणि तुम्ही त्याला घरी बसवलंत. मग हा झेंडा आमचा कसा म्हणायचा? मालकांनी दुसऱ्या दिवशी पोलीस बोलावले. इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला, नुसतं बोलणं गुन्हा होत नाही. झेंडा फाडला, तुडवला, असं कुणी पाहिलंय का?

मला पुढे व्हायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

“मी पाहिलं,” मी म्हणालो. “उतरवताना त्याने पायाखाली घेतला.”

आदल्या संध्याकाळी झेंडा आम्ही दोघांनीच उतरवला होता. हात साबणाने धुऊन त्याने घडी घातली होती — मी समोर उभा होतो.

खटला उभा राहिला. माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी त्याची बायको गिरिजा घरी आली. म्हणाली, “अण्णा, खरं तेवढं सांगा.” मी तिला अंगणात उभं केलं आणि राष्ट्रगीत म्हणायला लावलं. शेजारी गच्चीवरून बघत होते. मध्येच ती अडखळली — शाळा फार शिकली नसावी. मी म्हटलं, पहिल्यापासून. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेली. मी “सरी”, ठीक आहे, एवढंच म्हणालो आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात तेच खोटं सांगितलं. रुद्रप्पाला शिक्षा झाली. सुटल्यावर पीण्यातल्या एकाही कारखान्याने त्याला दारात उभं केलं नाही.

मालकांचा दबाव होता, असं म्हणता आलं असतं. नव्हता. भीतीही नव्हती. ती बाई अंगणात तिसऱ्यांदा गात होती ना — तेव्हा मला मजा वाटत होती.