मांजरीच्या उसातली ट्रायल

आमच्या घरात कुणालाही डोंगर चढायचा नव्हता, तरी आम्ही डोंगर चढणारी गाडी बघायला पुण्याजवळच्या मांजरी गावाला गेलो.

चिडाचिड घरापासूनच सुरू झाली होती. चारही चाकांना ताकद देणारी एक जुनी, दणकट गाडी विकायला आहे, असं मला मोबाईलवर दिसलं आणि मी महिनाभर व्हिडिओ बघून (बायकोच्या मते घरातली सगळी कामं टाकून) त्या विषयातला तज्ज्ञ झालो.

"अहो, आपण बिबवेवाडीत राहतो," बायको, म्हणजे वैशाली, म्हणाली. "जाऊन जाऊन जातो कुठे? भाजीला!"

"बिबवेवाडीतले खड्डे बघितलेस का?" मी ओरडलो.

माझे वडील, अण्णा, निवृत्तीनंतर पूर्णवेळ टोमणे मारतात. पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले, "घेऊ दे गं त्याला. दोन चाकांची स्कूटर झेपत नाही, तर निदान चारांचा आधार होईल."

मांजरीत गाडीचे मालक, जगतापभाऊ, सज्जन निघाले. किल्ली देताना म्हणाले, "रस्त्यानंच न्या बरं का सायेब. रानाला पाणी दिलंय, समदा चिखल हाय."

झालं! माझा संशय जागा झाला. चिखलात चालत नसेल, तर ती ताकद काय पूजेला ठेवायची? अण्णा मागे, वैशाली शेजारी, आणि मी गाडी सरळ उसात घातली! जगतापभाऊ "अवो! अवो!" करत मागे धावले. (मला वाटलं, कौतुकानं.)

गाडीने थोडा ऊस आडवा केला, फुरफुरली आणि बसली. मी ॲक्सिलरेटर दाबला. ती आणखी बसली. चिखलाचं कारंजं उडालं ते थेट जगतापभाऊंच्या पांढऱ्या शर्टावर.

"लबाडी आहे ही!" मी खिडकीतून गरजलो. "चार चाकं म्हणे! मागची दोनच फिरतायत!"

"सायेब, आदी त्यो..."

"आधी नाही नि नंतर नाही! शुद्ध फसवणूक!"

"अजून ओरड," मागून अण्णा म्हणाले. "आवाजाने निघते का बघू."

मी संतापून खाली उतरलो. मी उतरलो, पण बूट चिखलातच राहिला. तसाच एका मोज्यावर मागे गेलो आणि जगतापभाऊंवर खेकसत गाडी ढकलू लागलो. तेवढ्यात वैशाली माझ्या जागेवर सरकली.

"भाऊ, गिअरशेजारी हा छोटा दांडा कशाचा हो?"

"त्योच तर सांगतोय ताई! त्यो वढल्याबिगर चारी चाकं कशी फिरतील?"

(व्हिडिओतला तो भाग कंटाळवाणा वाटला म्हणून मी पुढे ढकलला होता.)

वैशालीने दांडा ओढला. गाडी म्हशीसारखी डुलत, शांतपणे चिखलातून बाहेर पडली. मी मात्र सगळा जोर लावून ढकलत होतो. त्यामुळे गाडी जिथून निघाली, तिथे मी पालथा!

जगतापभाऊंनी मला उठवलं, मोडलेल्या उसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "गाडी इकायची हाय. पर तुमास्नी न्हाई. ताईंना देतो."

लग्नाच्या वेळी मी मुलींचे नकार पचवलेत, पण जुन्या गाडीचा नकार! "मलाच नको आहे असली गाडी!" मी चिखल थुंकत ओरडलो.

"मला हवीय," वैशाली वरून म्हणाली. "इतक्या उंचावर बसलं की खालचं कुणाचं काही ऐकूच येत नाही हो!"

आता गाडी आमच्या दारात आहे. वैशाली चालवते, अण्णा पुढे बसून रस्ता सांगतात आणि मला मागे बसवतात. मी अजूनही भयंकर चिडलेलो आहे. कितीदा तरी वाटतं, सिग्नलला ताडकन उतरावं आणि तरातरा निघून जावं! पण मागचं दार आतून उघडत नाही. कुणीतरी बाहेरून येऊन उघडेपर्यंत राग मांडीवर घेऊन बसावं लागतं.