‘सरा’ कोण म्हणालं

“सरा!” मी ओरडले, आणि चौघींपैकी तिघी पुढं धावल्या. चौथी जागची हलली नाही. ती माझी नात, अनू. समोरच्या संघाची एक लांब वेणीची मुलगी त्या तिघींच्या मागं मोकळी सुटली, चेंडू तिच्या पायात पडला आणि गोल झाला. सामना संपायला चार-पाच मिनिटं उरली होती. आम्ही हरलो.

ओरडले ती मी – हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही तोंड उघडलं नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय बहुतेक.

पण नुसतं ओरडले एवढंच असतं, तर तीन वर्षं गिळून बसले असते का? चूक कुणाच्याही तोंडून निघते. वाईट आहे ते पुढचं. तिथं यायला मला जरा वेळ लागेल.

मी चौथी शिकलेली बाई. कऱ्हाडजवळच्या एका गावात जन्म गेला. नवरा वारल्यावर मुलानं इकडं शारजाला आणलं. रोल्ला भागात सातव्या मजल्यावर घर. मुलगा आणि सून स्मिता सकाळी सहाला दुबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरायची ती अंधार पडल्यावर परत. दिवसभर मी काय करणार? डाळ भिजत घालायची, गॅलरीतून खालची दुकानं बघायची आणि अनूची वाट बघायची. ती कॉलेजातून आली, दारात बूट फेकले, की माझा दिवस सुरू व्हायचा.

अनू इथंच वाढलेली. मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचं छान चालायचं. ती कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघात होती. गोल मारणाऱ्यांत नाही – मागं उभ्या राहून अडवणाऱ्या चौघींत, आणि त्या चौघींची म्होरकी. आदल्या वर्षी त्यांनी इतके गोल खाल्ले होते की कॉलेजातली पोरं तोंडावर हसायची. मग नवी कोच आली. रीम नाव, जॉर्डनची. तिनं बचावाची पद्धतच बदलली. आपल्या गोलापाशी गर्दी करून उभं राहायचं बंद. चौघींनी एका ओळीत बरंच पुढं उभं राहायचं, आणि समोरची चेंडू टाकणार तेवढ्यात चौघींनी एकदम दोन पावलं आणखी पुढं जायचं. मग त्यांची जी मुलगी ओळीच्या मागं राहील ती ऑफसाइड. पंच झेंडा वर करतो, तिचा गोल धरत नाहीत. पण चौघी एकदम हलल्या तरच हं. एक जरी मागं राहिली तरी सगळं फुकट.

हे अनूनं मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेंगदाणे आणि हरभरे मांडून समजावलं. शेंगदाणे आपले, हरभरे त्यांचे. मी म्हटलं, अगं, ही तर भांगलण! आम्ही दहा-बारा बायका शेतात तण काढायला ओळीनं बसायचो. प्रत्येकीला आपली पात, म्हणजे आपला पट्टा. कुणी पुढं पळायचं नाही, कुणी मागं रेंगाळायचं नाही. एक बाई हाक द्यायची, “सरा!” – की सगळ्या एकदम पुढं. ती हाक देणारी बाई मी होते. वीस वर्षं.

अनूचे डोळे असे मोठे झाले. “आजी, दॅट्स इट!” तिचं म्हणणं, इंग्रजीत ओरडलं तर समोरच्यांना कळतं. अरबी कळतं, हिंदी कळतं. मराठी इथं कुणाच्या बापाला कळणार? दुसऱ्या दिवशी कोचला विचारलं. कोच हसली म्हणे, आणि हो म्हणाली. अनू, एक इजिप्तची, एक सुदानची, एक केरळची – चौघी माझा शब्द शिकल्या. एकदा समोरच्या संघात सारा नावाची मुलगी निघाली. अनू ओरडली की ती बिचारी दर वेळी मागं वळून बघायची. त्या दिवशी मी इतकी हसले की दातांची कवळी हातात धरून बसले.

सामने बघायला मी जायला लागले. गुडघ्यांमुळं पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून मला मैदानाच्या कडेला, कोपऱ्याजवळ, वेगळी प्लास्टिकची खुर्ची द्यायचे. बाकीचे आईबाप पायऱ्यांवर. त्यांना सुरुवातीला ही पद्धत मुळीच आवडली नव्हती. केरळच्या मुलीचा बाप, कुरियन, ढोल घेऊन यायचा. म्हणाला, “आंटी, डिफेन्स देखने कौन आता है? मैं ढोल किस पे बजाऊँ?” मी म्हटलं, झेंडा वर गेला की बजाओ. आणि खरंच, पाच सामने गेले, एक गोल झाला नाही आमच्यावर. सहाव्यापर्यंत अख्ख्या पायऱ्या शिकल्या. चौघी सरल्या की सगळे एकदम हात वर करून झेंडा मागायचे, आणि कुरियनचा ढोल. ज्यांनी नाकं मुरडली होती तेच आता म्हणायचे, यंदा कप आपलाच, इन्शाल्ला. गोल होणारच नाही असं धरूनच लोक यायला लागले. येताना माझ्यापाशी थांबायचे. कोच आजी म्हणायचे. कुणी थर्मासमधला चहा द्यायचं, कुणी सेल्फी काढायचं.

मला ते चढलं. दुसरा शब्द नाही. ज्या बाईला लिफ्टचं बटण दाबताना सून सांगते “आई, थांबा, मी दाबते” – तिला इथं माणसं विचारत होती की आज पोरी कशा खेळतील. स्मितानं एकदा बजावलं होतं, “आई, तुम्ही कडेला बसता, मध्येच ओरडू नका हं.” मी म्हटलं, “मी काय कुकुलं बाळ आहे का?”

मग तो उपांत्य सामना. शून्य-शून्य. लोकांच्या अपेक्षा एवढ्या, की गोल न होणं हे आता देणं झालं होतं. वेणीवाली मुलगी ओळीपाशी उभी, चेंडू येणार – आणि अनू गप्प. मला वाटलं पोरगी बावरली. खरं तर तिला वेणीवालीच्या मागून धावत येणारी त्यांची दुसरी मुलगी दिसली होती. पुढं सरलं तरी ती ऑफसाइडमध्ये सापडणार नव्हती, मागं हटायला हवं होतं, आणि ती तेच करणार होती. मला दिसलं नाही. मला वाटलं, मला जास्त कळतं. आणि मी हाक दिली, शेतात द्यायचे तशी.

आम्हा दोघींचा आवाज सारखा आहे, घोगरा. फोनवर माझा मुलगासुद्धा फसतो. स्मिता तेव्हा पाणी आणायला गेली होती. पायऱ्या लांब, ढोल चालू. शब्द मराठी. मग दुसरं कोण असणार? सगळ्यांना वाटलं, अनूनंच हाक दिली आणि अनूच थांबली. तिघींना पुढं पाठवून स्वतः मागं राहिली. कोचनं तिला तेवढंच विचारलं, सगळ्यांसमोर – “तू सांगितलंस, मग तू का नाही गेलीस?” अनू वळून त्या तिघींकडं बघायला लागली. मी खुर्चीत बसून होते. पाच-सात पावलांवर. उठले का? नाही.

आता इथं येते मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनू माझ्या पलंगावर येऊन बसली. कुरियननं काढलेला व्हिडिओ तिच्या फोनवर होता. हाक ऐकू येत होती, स्वच्छ. तिनं चित्र मोठं करून स्वतःचा चेहरा दाखवला. “लुक, आजी. माझं तोंड बंद आहे. आय डिडन्ट से इट. डिड आय?” मराठीत म्हणाली होती मधलं, मुद्दाम, मला नीट कळावं म्हणून. ती माझ्यावर आळ घेत नव्हती. तिच्या मनातही आलं नव्हतं ते. ती विचारत होती, कारण मी सगळ्यात जवळ होते, आणि मी खोटं बोलत नाही असं तिला वाटत होतं.

चष्मा माझ्या नाकावर होता. तोंड बंद आहे हे मला दिसत होतं. मी म्हटलं, “लांबून काढलंय, काही दिसत नाही. तूच ओरडलीस. मी माझ्या कानांनी ऐकलं.”

ती म्हणाली, “शुअर?” मी म्हटलं, हो. घाईत माणसाच्या तोंडून निघून जातं, त्याचं त्याला कळत नाही, असंही म्हटलं. तिचे केस सारखे केले. ते कशाला केले?

का बोलले असं? खुर्ची जाईल म्हणून? स्मिता म्हणेल, सांगितलं होतं ना, आई? लोक कोच आजी म्हणायचे थांबतील म्हणून? असलंच काहीतरी. यातलं एकही कारण एका पोरीच्या तोंडाला खोटं पाडण्याएवढं मोठं नाही.

कॉलेजात मग तो शब्द टवाळीचा झाला. अनू लिफ्टमध्ये शिरली की कुणीतरी मागून म्हणायचं, “सरा!” – आणि सगळे एक पाऊल पुढं. दोन महिन्यांनी तिनं संघ सोडला. खुर्चीही गेलीच.

आता ती अबुधाबीत नोकरी करते, खलिफा सिटीत दोन मैत्रिणींबरोबर राहते. पंधरा दिवसांनी शनिवारी येते. घर तेच, पण दारात फेकलेले बूट नाहीत. नीट जोडून ठेवते आता. ओट्यावर शेंगदाणे निवडताना माझा हात चारच दाणे बाजूला काढतो, एका ओळीत, आणि मी बघत बसते. समजावायला कुणी नाही. गाव सुटलं तेव्हा मला इतकं सुनं वाटलं नव्हतं. सामने चालले त्या चार महिन्यांतल्या दुपारी मला परत हव्यात. आणि त्या मागायला मला तोंड नाही.

गेल्या शनिवारी ती सांगत होती – ऑफिसच्या मुली संघ करताहेत, तिला म्हणाल्या मागची ओळ तू सांभाळ. तिनं नाही म्हणून कळवलं. हॉटेलातसुद्धा ती हल्ली स्वतः काही मागवत नाही, तुम्ही सांगा म्हणते. “आय कान्ट ट्रस्ट माय माउथ, आजी,” ती म्हणाली, हसून. “यू हर्ड मी, ना.”

मी मेथी निवडत होते. निवडत राहिले.

तिनं माझ्या हातातली अर्धी जुडी घेतली आणि तीही निवडायला लागली.

हे सगळं सोसलं ते अनूनं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.