फ आणि भ यांच्यामधलं पान

जगात घाई नावाची काही चीज असते, ही बातमी माझ्या साडूंपर्यंत अजून पोचलेली नाही. पोचणार तरी कशी? ती ज्या बसने जायची, त्या बसचे कंडक्टर तेच. शहापूर-मुरबाड रस्त्यावर त्यांनी उभी हयात घालवली, आणि त्यांची गाडी वेळेवर आल्याचं त्या भागात कुणालाही आठवत नाही. थांब्यावरची एखादी म्हातारी "आले रे, पिशवी राह्यली घरात" म्हणत मागे फिरली, की ती परत येईपर्यंत हे घंटीच्या दोरीला हात लावायचे नाहीत. ड्रायव्हर कावायचा, कोर्टाची तारीख असलेले लोक दातओठ खायचे, आणि हे आपले दारात उभे राहून माहुलीच्या निळसर डोंगराकडे बघत असायचे. कुणी फारच आवाज चढवला तर म्हणायचे, "अहो, ती येतेय ना? मुरबाड काय पळून जात नाय." मी घड्याळाचा माणूस. पाच मिनिटं इकडची तिकडे झाली की मी दर क्षणाला मनगटाकडे बघतो. तरीही बायकोच्या माहेरच्या गोतावळ्यात मला मनापासून आवडणारा माणूस हा एकच. अर्थात हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर हा माणूस आणखी सावकाश झाला. आटगाव स्टेशनात उतरून पुढे बराच वेळ रिक्षाने जावं लागतं अशा गावात त्यांचं कौलारू घर आहे. तिथल्या ओटीवर बसून ते दिवसभर काय बघतात हे त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या ताईंनाही, कधी उलगडलं नाही. एकुलती एक लेक लग्न होऊन नाशिकला गेलेली. तिला पहिली मुलगी झाली, जुई, तेव्हा बारशाला आलेल्या वस्तूंत अंकलिपीचं एक चकचकीत पुस्तक होतं. साडूंनी ते चाळलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ही त्यांच्या कपाळावरची मी पाहिलेली पहिली आठी. "श शहामृग," ते म्हणाले, "साडूभाऊ, मला सांगा, ह्यो कुठल्या स्टॉपला उभा असतो?" मग ग गलबतावर बोट ठेवलं, ऐ ऐरावतावर ठेवलं. आपल्या नातीने जन्मात पहिली ओळख करून घ्यायची ती न पाहिलेल्या वस्तूंशी, हे काही त्यांना पटेना. त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, की नातीचं पुस्तक आपण स्वतः हाताने करणार, आणि त्यात समोर बसवून काढलेल्या वस्तूखेरीज काहीही येणार नाही.

तेव्हा आम्ही सगळे हसलो. पुढली काही वर्षं हसायला सवड मिळाली नाही, कारण ज्याच्या त्याच्या घरातली वस्तू साडूंच्या ओटीवर जाऊन बसू लागली होती. ऐरणीसाठी ते थेट मुरबाडला लोहाराकडे गेले. ऐरणीवर हातोडा पडला की ती हलल्यासारखी वाटते, म्हणून त्यांनी लोहाराला जरा थांबायला सांगितलं. लोहार थांबला, चहा मागवला, गप्पा निघाल्या, भट्टी विझली. औताचं चित्र काढायला बसले ते ऐन पेरणीत, आणि ज्याचं औत होतं तो शेतकरी बांधावर उभा राहून "झाला का हो?" असं नुसतं विचारत राहिला. फणस त्यांनी झाडाखाली बसून काढायला घेतला. प्रत्येक काटा जागच्या जागी यायला हवा होता. चित्र अर्ध्यावर आलं तोवर फणस पिकला आणि ताईंनी तो कापला. म्हणून त्या पानावरचा फणस डावीकडून हिरवा काटेरी आहे आणि उजवीकडून त्याचे पिवळे गरे दिसतात. रंगही घरचेच. हळद, कोळसा, गेरू, पळसाची फुलं उकळून काढलेलं केशरी पाणी. दुपारी रंगवता रंगवता त्यांचा डोळा लागायचा. मोहाच्या फुलांचा गोड वास सुटलेला, कौलांतून उन्हाचे कवडसे उतरून पानावर सरकत असायचे, आणि हातात कुंचला तसाच. उठल्यावर ते सांगायचे, की झोपेत पुढचा रंग दिसतो. मला आधी ही थाप वाटायची. पण मीही एकदा तिथे दुपारी आडवा झालो, आणि उठल्यावर किती वाजले हे बघायचं विसरलो.

सगळ्यात मोठा पेच बैलापाशी झाला. पुस्तकात ब ला बैल येणार ही बातमी फुटली, आणि ज्यांच्या गोठ्यात बैल उरले होते ते सगळे आपापला बैल धुऊन, शिंगं रंगवून अंगणात हजर. कुणालाच दुखवता येईना. शेवटी साडूंनी निवडला तो गावाबाहेरच्या वाडीवरच्या बुधाबाबांचा चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका, वय झालेलं, आणि नाकावर माशी बसली तरी न हलणारा. स्वभाव जुळला असावा. चित्र चाललं तितके दिवस बुधाबाबा शेजारी उकिडवे बसून होते. "कान जरा खाली घे रे. ऐकतोय तो." साडू कान खाली घेत. "डोला असा नाय. तो बघतो तवा जरा मागं ऱ्हायल्यावानी बघतो." साडू डोळा पुसून पुन्हा काढत. ते पान पुरं झालं तेव्हा मी तिथे होतो. मला चित्रातलं कळत नाही, पण त्या बैलाच्या समोरून जाताना मी जरा बाजूने गेलो हे खरं.

त्याच वर्षी भातं कापायच्या सुमारास चांद्या गेला. बुधाबाबांनी दुसरा बैल काही घेतला नाही. त्यानंतर दर सोमवारी ते शहापूरच्या बाजाराला जाताना साडूंच्या ओटीवर टेकू लागले. पाणी मागायचे, भाताच्या भावाचं बोलायचे, आणि उठता उठता सहज सुचल्यासारखं म्हणायचे, "जरा त्याला बघू का?" साडू हात धुऊन पुस्तक आणायचे आणि ब चं पान उघडून धरायचे. बुधाबाबा हात लावत नसत. लांबूनच डोळे बारीक करून बघत, आणि म्हणत, "बरा हाय." मग पिशवी उचलून चालू लागत.

इकडे पुस्तक ज्ञ पर्यंत येऊन पुरं झालं आणि साडूंचं खरं अवघड दुखणं सुरू झालं. जुई जूनमध्ये पहिलीला जाणार होती. लेकीचा फोन यायचा, "अण्णा, पोरगी शाळेत जाईल आता. पुस्तक द्या की!" साडू सांगायचे, क्ष अजून वाळला नाही. क्ष वाळून महिने झाले होते. पुस्तक नाशिकला गेलं तर सोमवारी बुधाबाबांना काय दाखवायचं, हा प्रश्न होता, आणि पुस्तक दिलं नाही तर नातीसाठी केलेला सगळा आटापिटा फुकट. मी वैतागून म्हटलं, दुसरा चांद्या काढा. त्यांनी प्रयत्न केला. समोर नसलेली वस्तू त्यांच्या हाताला येईना, आणि कागदावर जे आलं ते बोकडाच्या अंगाने गेलं. मग मी पुस्तक शहापूरला नेऊन त्या पानाची रंगीत झेरॉक्स काढून आणली. माझ्या मते प्रश्न मिटला. सोमवारी साडूंनी ती गुळगुळीत झेरॉक्स बुधाबाबांपुढे धरली. त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि भिडस्तपणे विचारलं, "ह्यो कोनाचा?"

झेरॉक्स नातीला द्यायचं मी सुचवलं, तर साडू माझ्यावर पहिल्यांदाच रागावले. "तुमी पन कमाल करता, साडूभाऊ. बाबांनी वळखला नाय तो बैल पोरीला देऊ?"

मे महिन्यात लेक दोन्ही मुलांना घेऊन आली. जुई, आणि कडेवर तिचा धाकटा भाऊ ओम. कसाऱ्याचा घाट उतरला की आलंच गाव, पण तेवढंही येणं त्यांना वर्षाकाठी एकदा जमायचं. साडूंनी पुस्तक नातीच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः खांबाला टेकून बसले. जुई एकेक पान उलटत होती, फणसाला नाक लावून बघत होती. आणि सोमवार होता. बुधाबाबा आले, पाणी प्याले, पुस्तक पोरीच्या मांडीवर बघितलं आणि पिशवी उचलून उठले. साडूंनीच त्यांना थांबवलं. जुईने ब चं पान उघडून धरलं. "बरा हाय," बुधाबाबा म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"तुमचा आहे हा?" जुईने विचारलं.

"हो गो. माजा चांद्या."

"मग आमच्या पुस्तकात कशाला? घेऊन जा ना घरी."

इतके महिने साडूंना आणि मला जे सुटलं नव्हतं, ते पोरीने शेंग सोलावी तसं सोडवलं होतं. साडूंनी कात्रीने शिवण कापली आणि पान सोडवलं. मग फळीवरून तिकिटं टोचायचा जुना चिमटा काढला, पानाच्या कोपऱ्यात एक टोच मारली आणि ते दोन्ही हातांनी बुधाबाबांना दिलं. बुधाबाबा त्या दिवशी बाजाराला गेले नाहीत. पान छातीशी धरून वाडीकडे परत फिरले.

जुई शाळेत प, फ, भ, म असं एका दमात म्हणायची. बाईंनी विचारलं, ब कुठे गेला? तर हिने शांतपणे सांगितलं, "ब गावाला असतो. बुधाबाबांकडे." लेकीने ही तक्रार फोनवर केली तेव्हा मी साडूंशेजारीच होतो. मी म्हटलं, "आता तरी दुसरा ब शिवून टाका. वाडीवर पुष्कळ बैल आहेत." ते डोंगराकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नको. एक अक्षर हितं राहू द्या. तेवढ्यासाठी तरी पोरं येतील." आजवर मला त्यांचा सावकाशपणा तेवढा दिसला होता; ते सारखी कुणाची तरी वाट बघत होते, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

बुधाबाबा मागल्या वर्षी गेले. त्यांनी घरात भिंतीवर लावलेलं ते पान सुनेने तसंच ठेवलं आहे. यंदा ओमची अक्षरं सुरू झालीत, आणि पुस्तक आता त्याचं आहे. मे महिन्यात मुलं आली, आणि चपलाही न काढता दोघं आधी वाडीवर पळाली. साडू ओटीवर बसून होते. ऊन कलायला लागल्यावर दोघं हात धरून धुळीच्या रस्त्याने परत आली.

"काय रे, बघितला का?" साडूंनी विचारलं.

नाशिकच्या शाळेत शिकणारा तो एवढासा पोरगा डोळे बारीक करून म्हणाला, "बरा हाय."