मॅच चालू असताना हलायचं नाही

शाळेची मधली सुट्टी चालू होती. मी डबा हातात घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी होते, तेवढ्यात सुप्याहून वहिनीचा फोन आला. "वन्सं... तुमचे दादा गेले," एवढंच ती बोलली. अशा वेळी कुणी हंबरडा फोडतं, कुणी कधी, कसं असं विचारतं. माझ्या तोंडून निघालं, "आज मॅच होती का?" मग वहिनी म्हणाली, "न्हाई वो. मॅच न्हवती. कामाला निघाले हुते, बुटाची नाडी बांधताना..." आता दीड महिना होत आला. हे काय विचारलं मी, असं अजूनही मनात येतं. पण कित्येक महिने आम्हा नणंद-भावजयीच्या जिवाला तोच एक घोर होता, की ती पोरगी पुन्हा खेळायला उतरली तर आमच्या दादाचं काय होईल.

ती पोरगी आमच्या नात्यातली नव्हे. ती बॅडमिंटन खेळते, आता देशाकडून खेळते. दादा सुप्याला एका कंपनीची बस चालवायचा. खूप वर्षांपूर्वी साहेबलोकांच्या मुलांना घेऊन तो नगरला जिल्ह्याच्या स्पर्धेला गेला होता. तिथे मिरजगावकडची एक काडीसारखी मुलगी अगदी थोडक्यात हरली, आणि बाहेर येऊन दादाच्या बसच्या सावलीत बसली. बापानं डबा उघडून पुढे ठेवला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ती घळाघळा रडत होती आणि खात होती. नाक पुसायची, घास मोडायची. दादानं पाण्याची बाटली पुढे केली, ती तिनं वर न बघताच घेतली. दोघांची ओळख म्हणायची तर एवढीच. पण घरी येऊन त्यानं आम्हाला दहा वेळा सांगितलं, "हरली गं सुमे, पर डबा संपवून उठली. टाकलं न्हाई कायबी. ही पोर लई लांब जानार बघ." आणि ती खरंच लांब गेली. तिचं नाव पेपरात यायला लागलं, तसा दादा कॉलर ताठ करून फिरायला लागला, जणू बाटलीतल्या पाण्यानंच ती मोठी झाली होती.

मॅच बघण्याचे त्याचे कायदे होते. ती पुढे गेली, की त्या क्षणी जो जिथे असेल त्यानं तिथेच राहायचं. हलायचं नाही. वहिनी एकदा कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अख्खा गेम उभी होती. मी विज्ञान शिकवते. मी त्याला म्हणायची, "दादा, मॅच चाललीय सातासमुद्रापलीकडे, आणि तुझ्या खुर्चीचा पाय सरकला तर शटल बाहेर जाणार?" तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचा, "तू तुजं शाळंत शिकव. हितं गप बस." खिडकीपाशी त्याची निळी प्लॅस्टिकची खुर्ची होती, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी लावलेली. त्या खुर्चीत तो बसला, की त्याच्यापेक्षा मलाच धडधडायचं. मुळात मी भित्री. बसस्टँडवरून परत जाऊन गॅस बंद आहे का ते बघणारी बाई. तो एकेका पॉइंटला मुठी आवळायचा, आणि मी त्याच्या कपाळाची शीर बघत बसायची.

मागच्या वर्षीच्या त्या मोठ्या फायनलला मी सुप्यालाच होते. तिसऱ्या गेममध्ये ती वीस-अठरा पुढे होती. आणखी एक पॉइंट, की जिंकलीच. मी नेहमीच्या सवयीनं दादाकडे पाहिलं. डोक्यावर पंखा फिरत होता आणि त्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. चेहरा राखेसारखा झाला होता. डावा हात त्यानं उजव्या हातानं धरून ठेवला होता. "दादा, काय होतंय?" "ॲसिडिटी हाय. बस खाली." मी उठले तसा तो कळवळून म्हणाला, "हलू नको ना सुमे... एकच पॉइंट. एकच ऱ्हायलाय." मी ऐकलं नाही. वहिनीला हाक मारली, दोघींनी दोन बगला धरून त्याला खुर्चीतून उपसला आणि शेजाऱ्यांच्या गाडीत घातला. आज पुन्हा तशी वेळ आली तरी मी तेच करेन.

नगरच्या रस्त्याला ट्रेलरची रांग लागलेली. मागच्या सीटवर त्याचं डोकं वहिनीच्या मांडीवर, आणि तो मलाच विचारतोय, "काय झालं? बघ की मोबाईलवर." मी बघितलं होतं. वीस-बावीस. हातातली मॅच गेली होती. वहिनीनं डोळ्यांनीच दटावलं आणि मी म्हणाले, "नेटवर्क नाही." नगर-पुणे हमरस्त्यावर नेटवर्क नाही! त्यानं डोळे मिटून घेतले. दवाखान्यात स्टेंट टाकला, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी त्यानं नर्सला विचारलं आणि त्या बिचारीनं फोन बघून खरं ते सांगून टाकलं. मी धावत आत गेले. आता हा काय करून घेतो, असं झालं होतं मला. तो छताकडे बघत पडला होता. मला म्हणाला, "जेवली असंल का गं ती?"

नंतर मात्र त्यानं मनाला लावून घेतलं. मी उठलो म्हणून हरली, हे एकच पालुपद. मी चिडून म्हणाले, "तुझं तुला तरी पटतं का हे?" तर म्हणे, "न्हाई पटत. पर बसून ऱ्हायलो असतो तर तेवढी रुखरुख तरी नसती." कंपनीनं बस काढून घेऊन त्याला स्टोअरमध्ये बसवलं. डॉक्टरांनी मॅच बघायला बंदी केली, आणि नेमका त्याच सुमाराला तिचा गुडघा दुखावला. तिचं खेळणं बंद, ह्याचं बघणं बंद. वहिनी सुटकेचा निःश्वास टाकायची. "बरं झालं," ती मला फोनवर हळूच सांगायची, "ती पोरगी माजं कुकू पुसनार एक दिवस." आणि आतून दादाचा आवाज यायचा, "गुडघा कसा असंल तिचा?" ती परत खेळायला लागायच्या आधीच तो गेला.

तेव्हापासून मी दर रविवारी सुप्याला जाते. डबा घेऊन जाते, कारण वहिनी जेवत नाही. दोन घास चिवडते, ताट सारते. "भूकच न्हाई वो," म्हणते. तिच्या मनगटातली घड्याळाची पट्टी सैल होऊन कोपरापर्यंत जाते, आणि परतीच्या बसमध्ये माझ्या डोळ्यांपुढे तेवढंच असतं. आता हिच्याबद्दलचा फोन कधी येईल... नको ते विचार.

गेल्या रविवारी गेले तर टीव्ही चालू. ती पोरगी परत आली होती, गुडघ्याला पट्टा बांधून. आणि निळ्या खुर्चीत वहिनी बसली होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले. पोरगी दोन पॉइंटनं पुढे गेली, तेवढ्यात आत गॅसवर दूध वर यायला लागलं.

"वहिनी, दूध!"

"जाऊ द्या उतू. हलू नका वन्सं."

आणि मी, गॅस बघायला बसस्टँडवरून परत येणारी बाई, हलले नाही. दूध उतू गेलं, करपल्याचा वास घरभर झाला. आम्ही दोघी आपापल्या जागी. शेवटी ती हरलीच, याही वेळी थोडक्यात. मग मी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली. बाहेर आले तरी वहिनी खुर्चीतच होती, बंद केलेल्या टीव्हीकडे बघत. पदरानं डोळे पुसत होती, पण पाणी थांबत नव्हतं.

"जेवली असंल का वो ती?" तिनं विचारलं.

"रडत रडत का होईना, जेवली असणार वहिनी."

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "वाढा मग."

मी ताट तिच्या हातात दिलं. त्या खुर्चीतच बसून, नाक पुसत, एकेक घास मोडत ती जेवली. ताटात काही टाकलं नाही.