प्रश्नबाईंचा फरशीवरचा नकाशा

शेजारच्या बाई निवडणुकीला उभ्या राहणार, ही बातमी आमच्या इमारतीत मीच पसरवली असं म्हणतात. साफ खोटं! मी फक्त खालच्या मजल्यांवर सांगितली. वरचे मजले माझ्या बायकोने सांभाळले. पण संशयाला जागा होती की नाही? विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या बाई एकाएकी जिन्यात, लिफ्टमध्ये, हातात कचऱ्याचा डबा असलेल्या माणसालाही गाठून विचारू लागल्या, "नगरपालिकेच्या सभेला का येत नाही हो तुम्ही?" मी त्यांचं नावच ठेवलं, प्रश्नबाई.

निघालं भलतंच. निवडणूक-बिवडणूक काही नाही, संशोधन! लोक शहराच्या कारभारात लक्ष का घालत नाहीत हे शोधायला बाईंनी भूगोलाचे एक सर आणि संख्याशास्त्राच्या एक मॅडम जमवल्या होत्या. शास्त्रं तीन, पण चहा बाईंच्याच घरी. आमच्यामधली भिंत पातळ आणि माझे कान तिखट.

"आकडे सांगतात, लोक उदासीन आहेत," मॅडम म्हणायच्या.

"उदासीन? अहो, शेजारचे भाऊजी पार्किंगवरून तासभर भांडतात!" बाई उसळायच्या. भाऊजी म्हणजे अस्मादिक.

या कामापायी बाईंनी विभागप्रमुखाची खुर्ची सोडली होती. आणि विद्यापीठाने बजावलं होतं: येत्या सभेला सभागृह ओस पडलं, तर हा तिघांचा संसार बंद, ज्याने त्याने आपापल्या विभागात परत जायचं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

मग सरांना सुचलं. व्यासपीठ नको, माईक नको, खुर्च्याही नकोत. सभागृहाच्या फरशीवर आपल्या भागाचा भलामोठा नकाशा काढायचा आणि प्रत्येकाने आपल्या घरावर उभं राहून बोलायचं! तिघांनी गुडघे टेकून खडूने तो काढला आणि त्याचा फोटो सभेच्या दिवशी सकाळीच आमच्या इमारतीच्या दारावर लावला.

फोटोत आमची गल्लीच नव्हती. तिच्या जागी बाग!

झालं होतं असं, की सरांनी विमानातून घेतलेल्या फोटोवरून रेघा मारल्या, आणि आमची गल्ली झाडांखाली झाकलेली. मॅडमनी मापं तपासली, बाईंनी माणसं कुठे उभी राहतील ते तपासलं. गल्ल्या दुसऱ्या कुणीतरी तपासल्या असतील, अशी तिघांचीही खात्री. आणि बाई राहतात त्याच गल्लीत!

गल्ली पेटली. चपला हातात घेऊन मी सर्वांत पुढे. आमची भांडणं बघायला शेजारच्या गल्ल्याही आल्या. सभागृहात मुंगीला शिरायला जागा नाही!

"आम्ही बागेत राहतो काय?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कडाडल्या. "मग तुंबलेल्या गटाराचा वास येतो तो फुलांचा का?"

सरांचा चेहरा पांढराफटक. बाईंनी मात्र खडू काकूंच्या हातात दिला. "काढा ना, काकू. गटारासकट!"

काकूंनी गटार काढलं, मी बंद पडलेला दिवा काढला, कुणी खड्डे काढले. नगरपालिकेचे साहेब मांडी घालून लिहीत बसले. मॅडम डोकी मोजता मोजता स्वतःच भांडणात उतरल्या! विद्यापीठाच्या कुलसचिव बाई दारातच अडकल्या, तिथूनच ओरडल्या, "चालू ठेवा! पुढच्या वर्षीही चालू ठेवा!" प्रश्नबाईंनी चक्क शिट्टी मारली. या वयात!

परतताना मला राहवेना. "काय हो बाई, एवढं शिकलात आणि स्वतःचंच घर नकाशात नाही?"

बाई म्हणाल्या, "भाऊजी, नकाशा बरोबर काढला असता, तर तुम्ही घरातून हलला असता का?"